गुरुजींच्या हाती सुई

गेल्या वर्षी एका शाळेच्या पालकसभेत नातीच्या वतीने मी बसलो होतो, कारण मुलगा आणि सून दोघेही कामावर होते. तिसरीतल्या एका मुलाची आई उठली आणि पिशवीतून एक जुनी कंपासपेटी काढून तिने मुख्याध्यापिकांच्या टेबलावर ठेवली. आत कापसाच्या थरावर एक मिलिलिटरची सिरिंज होती. सुईला टोपण, भोवती उजेड लागू नये म्हणून काळा कागद, आणि चिकटपट्टीखाली बॉलपेनने लिहिलेले मुलाचे नाव, वजन व औषध भरल्याची तारीख. मुलाला काजूचे वावडे आहे, दोनदा तो मरता मरता वाचला आहे, तेव्हा ही पेटी शाळेत राहू द्यावी आणि ती केव्हा, कशी वापरायची ते वर्गशिक्षिकेने शिकून घ्यावे, एवढेच तिचे मागणे होते. पुढे पाऊण तास चर्चा झाली. डब्यात काजू-शेंगदाणे आणायला सर्वांनाच बंदी करावी, असे एका गटाने सुचवले, एका पोरासाठी तीनशे डब्यांवर पहारा बसवायचा का, असे दुसऱ्याने विचारले, 'आमच्या वेळी नव्हती बुवा असली थेरं' हे कोणीतरी म्हणणारच होते, तेही म्हणून झाले, आणि अखेरीस त्या वर्गशिक्षिकेने आवाज न चढवता सांगितले, "ताई, आम्ही शिक्षक आहोत, नर्स नाही." त्या पाऊण तासात टेबलावरच्या सिरिंजकडे कोणी नीट पाहिलेसुद्धा नाही. सभा संपल्यावर ती पेटी कार्यालयातल्या कपाटात ठेवून कुलूप लावण्यात आले आणि किल्ली नेहमीप्रमाणे लिपिकांच्या खिशात गेली.

हा वाद भलत्याच जागी घातला जातो आहे, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते. डब्यात काय असावे हा प्रश्न दुय्यम आहे. मूल कोसळते त्या पहिल्या दहा मिनिटांत त्याच्याजवळ असलेल्या माणसाला काय करता येते, यावर सगळे अवलंबून असते. आणि शाळेच्या वेळेत तो माणूस बहुतेक वेळा शिक्षकच असतो. म्हणून माझे म्हणणे असे आहे, की प्रत्येक शाळेतल्या किमान दोन शिक्षकांना, तसेच गंभीर अ‍ॅलर्जीचे निदान झालेल्या प्रत्येक मुलाच्या वर्गशिक्षकाला, ती प्रतिक्रिया ओळखणे, मुलाला आडवे करणे, मांडीत अ‍ॅड्रेनलिन हे जीव वाचवणारे औषध टोचणे आणि १०८ला फोन करणे ही चार कामे हाताला सवय होईपर्यंत शिकवली पाहिजेत. आणि ती केल्याबद्दल त्यांच्यावर बालंट येणार नाही, याची लेखी हमी शासनाने दिली पाहिजे. मी स्वतः तीस वर्षे माध्यमिक शाळेत शिकवले असल्यामुळे शिक्षकांचे आक्षेप मला परके नाहीत. त्यांतले काही तर मीच स्टाफरूममध्ये हिरिरीने मांडलेले आहेत.

गोंधळाची सुरुवात शब्दापासूनच होते. 'वावडे' हा आपला जुना आणि नेमका शब्द आहे. अमुक पदार्थ या माणसाला बाधतो, एवढाच त्याचा मूळ अर्थ. पण वापरता वापरता त्याला नावडीची छटा चिकटली. आळशाला कामाचे वावडे असते आणि पुढाऱ्याला सत्याचे, असे आपण सहज म्हणतो, आणि मग मुलाला काजूचे वावडे आहे हे ऐकणाऱ्याला त्यात आईने केलेले लाडच दिसतात. दुसरीकडे अंगावर पित्त उठणे, गांधी येणे हा घरोघरचा अनुभव आहे. आमसुलाचे पाणी चोळावे, एव्हिलची गोळी घ्यावी, पांघरूण घेऊन पडून राहावे. बहुतेकांना तेवढ्याने बरे वाटते, आणि म्हणूनच खरोखर धोका असतो तेव्हाही घरातल्यांचा हात आधी आमसुलाकडे जातो. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये, म्हणजे अ‍ॅलर्जीच्या जिवावर बेतणाऱ्या प्रतिक्रियेत, शरीरातल्या पेशी हिस्टामिनसारखी द्रव्ये एकदम सोडतात, रक्तवाहिन्या सैल पडून पाझरू लागतात, रक्तदाब ढासळतो, घसा सुजतो, श्वासनलिका आवळतात. कधी अंगावर एकही गांधी उठत नाही; मूल नुसते ओकते, पांढरे पडते आणि गळून बसते. फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए यांनी १९०२ साली 'संरक्षणाच्या उलट' अशा अर्थाने 'अ‍ॅनाफिलॅक्सिस' हा शब्द घडवला. समुद्रफुलाच्या विषाचा पहिला डोस पचवलेला धडधाकट कुत्रा काही आठवड्यांनी पुन्हा छोटा डोस देताच अर्ध्या तासाच्या आत मेला, हे पाहून ते चक्रावले होते. रिशे यांना १९१३ चे नोबेल मिळाले ते याच कामासाठी. 'मागच्या वेळी नुसती खाज आली होती' या वाक्यावर विसंबणाऱ्यांनी तो कुत्रा आठवावा.

वेळेचा हिशेब तर याहून निर्दय आहे. ब्रिटनमधले डॉक्टर रिचर्ड पम्फ्री यांनी अशा मृत्यूंच्या नोंदी तपासून २००० साली जे निष्कर्ष मांडले, त्यांनुसार श्वास किंवा हृदय बंद पडेपर्यंतचा मध्यक काळ (निम्म्या रुग्णांना याहूनही कमी वेळ मिळाला, असा) अन्नामुळे आलेल्या प्रतिक्रियेत ३० मिनिटे, कीटकदंशात १५ मिनिटे आणि औषधांमुळे आलेल्या प्रतिक्रियेत अवघी ५ मिनिटे होता. ही मिनिटे आता आपापल्या तालुक्याच्या नकाशावर ठेवून पाहावीत. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ची रुग्णवाहिका मोफत मिळते आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत. पण घाटातल्या वाडीवर ती अर्ध्या तासात पोचेल असे कोणी छातीठोकपणे सांगू शकेल काय? आणि मुंबई-पुण्याच्या भर गर्दीत तरी? अ‍ॅड्रेनलिन हे या प्रसंगातले पहिले आणि खरे औषध आहे, कारण ते सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळते आणि आवळलेल्या श्वासनलिका मोकळ्या करते. एव्हिलसारखे औषध खाज थांबवते, ढासळता रक्तदाब सावरत नाही. स्टेरॉइडचा गुण यायला तास लागतात. अ‍ॅड्रेनलिन देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि त्याची एक मिलिलिटरची काचेची कुपी पावकिलो काजूंपेक्षा कितीतरी स्वस्त मिळते. औषध स्वस्त आहे, ते कोठे टोचायचे हेही ठरलेले आहे. टोचणारा हात तेवढा आपण तयार केलेला नाही.

बंदीची मागणी करणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, पण त्यांनी एकदा मराठी स्वयंपाकघरात डोकावून पाहावे. साबुदाण्याची खिचडी, काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, अळूची पातळ भाजी, जेवणातली कोरडी चटणी, यांतून शेंगदाण्याचा कूट हुडकून काढायला प्रत्येक वर्गात एक तपासनीस नेमावा लागेल. शिवाय दूध, अंडे, गहू, मासे, कोळंबी यांचीही अ‍ॅलर्जी असते. मग कशाकशाला बंदी घालणार? (शालेय पोषण आहारात अंडी द्यावीत की नाही, यावर आपल्याकडे केवढे रान उठले, त्या सगळ्या रणधुमाळीत अंड्याच्या अ‍ॅलर्जीचा उल्लेख माझ्या तरी वाचनात आला नाही.) आणि अन्न बाजूला ठेवले तरी गांधीलमाशी उरते, आग्यामोहोळ उरते. किल्ल्यावर सहल नेलेल्या कोणत्याही शिक्षकाला विचारावे, की कड्याखाली लोंबणारी ती काळी पोळी दिसल्यावर मुलांना गप्प कसे ठेवावे लागते. त्या माश्यांना शाळेचे परिपत्रक कोण दाखवणार? बंदीचा आणखी एक दोष असा, की तिने शाळेला आपले कर्तव्य झाल्यासारखे वाटते. सूचना फलकावर लागली, पालकांच्या सह्या झाल्या, की मग मूल कोसळले तर दोष कोणत्या तरी डब्याचा. आणि ज्याच्यामुळे वर्गाची चिक्की बंद झाली, तो मुलगा मधल्या सुट्टीत कोणाशेजारी बसणार, याचा विचार बंदी घालणाऱ्यांनी केलेला नसतो.

सर्वांत जड आक्षेप दुर्मीळतेचा आहे आणि तो टाळून चालणार नाही. भारतातल्या मुलांमध्ये अन्नाची अ‍ॅलर्जी पाश्चात्त्य देशांच्या मानाने फारच कमी आढळते. कर्नाटकातल्या शाळकरी मुलांवर झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात हे प्रमाण ०.१४ टक्के निघाले, म्हणजे दहा हजारांत चौदा. जिथे वर्गखोल्या गळतात, मुलींसाठी धड स्वच्छतागृह नाही आणि कुपोषण हटलेले नाही, तिथे दहा हजारांतल्या चौदांसाठी राज्यभर प्रशिक्षण कशाला, असे कोणी विचारले तर तो प्रश्न कोडगेपणाचा आहे असे मी म्हणणार नाही. पण महाराष्ट्रात दोन कोटींहून अधिक मुले शाळेत जातात. कर्नाटकातला आकडा जसाच्या तसा इकडे लावता येत नाही, हे मान्य करूनही अंदाजासाठी तो लावला, तर अठ्ठावीस हजार मुले होतात. आणि यात कीटकदंशाची किंवा औषधाची अ‍ॅलर्जी धरलेलीच नाही. या सगळ्यांना गंभीर प्रतिक्रिया येईल असे नाही, हेही खरे. पण दुर्मीळ संकटासाठी तयारी करू नये, हा नियम आपण शाळांना दुसरीकडे कोठे लावतो? जुलै २००४ मध्ये तमिळनाडूतल्या कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरातली आग गवताच्या छपरावर चढली आणि नव्वदहून अधिक मुले जळून गेली. त्यानंतर अविनाश मेहरोत्रा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००९ मध्ये सांगितले, की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क आलाच. शाळांनी आग विझवण्याची साधने ठेवावीत आणि कर्मचाऱ्यांना ती चालवायला शिकवावीत. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या शाळेला एकदाही आग लागली नाही. तरीही व्हरांड्यातल्या लाल नळकांड्याची पिन कशी ओढायची, हे मला शिकवले गेले, आणि आम्ही काही अग्निशामक दलाचे जवान नाही, असे त्या दिवशी कोणी म्हटले नाही.

मग शिक्षकांच्या ओझ्याचा प्रश्न येतो, आणि इथे मी त्यांच्या बाजूचा आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढी तीन कामे वगळता शिक्षकाला शिक्षणबाह्य काम लावू नये असे म्हटले आहे. प्रत्यक्षात मतदार याद्या, सर्वेक्षणे, तांदळाचा हिशेब आणि 'आज दुपारी चारपर्यंत माहिती भरा' असे फर्मावणाऱ्या लिंक यांनी शिक्षकाचा दिवस कुरतडलेला असतो. ज्या माणसाला वीस वर्षे या ना त्या कारणाने वर्गातून उठवले गेले, त्याने एकविसाव्या मागणीला हात जोडले तर त्याला निष्ठुर कसे म्हणावे? मात्र ही कामे आणि हे काम यांत एक मूलभूत फरक आहे. मतदार यादी शिक्षकाला मुलापासून दूर नेते. हे काम जिथे मूल आहे तिथेच करायचे असते. साडेदहा ते पाच या वेळात शाळा ही मुलाची पालक असते, ही कल्पना नवी नाही. मुलाला फीट आली, गुडघा फुटला, नाकातून रक्त आले तर शिक्षक आजही धावतोच, आणि तेव्हा तो शिक्षणबाह्य काम करतो असे कोणी लिहून ठेवत नाही. म्हणून माझी अट एवढीच, की हे प्रशिक्षण कामाच्या वेळात व्हावे, त्यापायी शिक्षकाच्या माथी नवी नोंदवही मारली जाऊ नये, आणि प्रशिक्षण घेतानाचा फोटो कोणत्याही लिंकवर चढवावा लागू नये. शेवटची अट कोणाला विनोदी वाटेल. ज्यांनी असे फोटो चढवले आहेत त्यांना वाटणार नाही.

"सुई टोचणे हे डॉक्टरांचे काम" हा आक्षेप ऐकला, की मला गडचिरोली आठवते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९०च्या दशकात तिथल्या खेड्यांतल्या जेमतेम शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले. त्यांतला सर्वांत धाडसी भाग हा होता, की बाळात जंतुसंसर्गाची ठरावीक लक्षणे दिसली तर या बायकांनी घरीच जेंटामायसिन या जंतुनाशक औषधाचे इंजेक्शन द्यायचे. नवजात बाळाची मांडी केवढी असते ते ज्याने पाहिले आहे, त्याला या कल्पनेने घाम फुटावा. वैद्यकीय वर्तुळात शंका घेतली गेली, आणि ती घेणे गैरही नव्हते. १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात या प्रयोगाचे निष्कर्ष छापून आले, तेव्हा तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने या गावांतले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. त्या बायका डॉक्टर झाल्या नव्हत्या. त्यांना मोजकी लक्षणे, एक औषध आणि एक कृती एवढेच शिकवले होते, आणि ते इतक्या वेळा घोटून घेतले होते की मध्यरात्री झोपडीतल्या चिमणीच्या उजेडातही हात चुकू नये. पदवीधर, बी.एड. झालेल्या शिक्षकाला याहून सोपी गोष्ट जमणार नाही, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणतो? लसीकरणानंतर अ‍ॅनाफिलॅक्सिसची शंका आली तर वयानुसार अ‍ॅड्रेनलिनचा एक डोस मांडीत देऊन मग मुलाला पुढे पाठवावे, अशी मुभा केंद्र सरकारने एएनएमनाही, म्हणजे गावोगावच्या आरोग्यसेविकांनाही, दिलेली आहेच. कोविडची लस घेतल्यावर आपल्या सर्वांना अर्धा तास खुर्चीवर बसवून ठेवले होते ते कशासाठी, हे आठवावे. आणि प्रत्येक सोसायटीत रोज सकाळी स्वतःच्या पोटात इन्सुलिन टोचून घेणारे एक तरी आजोबा असतात. त्यांना वैद्यकीय परवाना कोणी दिला?

तरीही या तुलनेत एक खोट आहे आणि ती मीच सांगितलेली बरी. परदेशातल्या शाळांत जे पेनसारखे ऑटो-इंजेक्टर असते, टोपण काढून मांडीवर दाबले की आपोआप ठरलेला डोस जातो, ते आपल्या औषधाच्या दुकानांत सहज मिळत नाही. बाहेरून मागवायचे तर किंमत सामान्य घराच्या आवाक्याबाहेर जाते. इथे आहे ती काचेची कुपी. मूल निळे पडत असताना कुपीची मान मोडायची, वजनाप्रमाणे, म्हणजे वीस किलोच्या मुलाला ०.२ मिलिलिटर, औषध ओढायचे, हवा काढायची आणि मग टोचायचे, हे सराव नसलेल्या माणसाकडून अपेक्षिणे चूक आहे. दहापट डोस जाण्याची भीती इथे खरी आहे. म्हणून अनोळखी मुलासाठी शिक्षकाने कुपी फोडावी, असे मी आज म्हणत नाही. निदान झालेल्या मुलासाठी डॉक्टरांनी भरून, खूण करून दिलेली सिरिंज असते, जशी त्या आईने कंपासपेटीत आणली होती. ती उष्णतेने आणि उजेडाने खराब होते, ठरावीक काळाने बदलावी लागते, पण टोचण्यापुरती ती पेनाइतकीच सोपी असते. ज्याचे निदान झालेले नाही त्या मुलासाठी शिक्षकाला ओळखता यावे, आडवे करता यावे, १०८ला 'अ‍ॅनाफिलॅक्सिस' हा शब्द उच्चारून सांगता यावे, आणि जवळच्या आरोग्य केंद्रात कुपी कोठे ठेवलेली असते हे आधीच ठाऊक असावे. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत नाकात फवारायच्या अ‍ॅड्रेनलिनला मान्यता मिळाली. लशी आणि जेनेरिक औषधे जगाला विकणाऱ्या देशाला स्वस्त पेन किंवा फवारा बनवता येऊ नये, हे मला पटत नाही. मागणी करणारेच नाहीत, म्हणून बनवणारे नाहीत, इतके ते साधे असावे.

चुकून टोचले तर? हा प्रश्न प्रामाणिक आहे, आणि त्याचे उत्तर तराजूच्या दोन्ही पारड्यांत काय आहे ते पाहून द्यावे. नुसते पित्त उठलेल्या निरोगी मुलाला मांडीत योग्य डोस गेला, तर त्याची छाती धडधडते, हात थरथरतात, चेहरा पांढरा पडतो आणि काही वेळाने सगळे ओसरते. ज्याला खरेच गरज होती त्याला दिले नाही, तर काय होते ते जपानने पाहिले आहे. डिसेंबर २०१२ मध्ये टोकियोजवळच्या चोफू शहरात पाचवीतल्या एका मुलीला दुधाची अ‍ॅलर्जी होती. शाळेने तिच्यासाठी चीज न घातलेला धिरड्यासारखा पदार्थ वेगळा केलाही होता. पण तिने आणखी वाढून घेतला तो इतरांसाठी केलेला, आणि यादी पडताळायची राहून गेली. थोड्या वेळाने तिला बरे वाटेनासे झाले. शिक्षकाने दप्तरातून तिचे पेन काढले आणि 'टोचू का' असे तिलाच विचारले. ती नको म्हणाली. शाळेच्या परिचारिकेला तो दम्याचा त्रास वाटला, तिला स्वच्छतागृहात नेण्यात आले, आणि मुख्याध्यापकांनी पेन वापरले तोवर दहा मिनिटांहून अधिक वेळ गेला होता. ती वाचली नाही. जपानमध्ये शिक्षकाने पेन टोचणे बेकायदा ठरत नाही, हे तिथल्या शासनाने त्याआधी तीन वर्षे स्पष्ट केले होते. पेन हाताशी होते, माणसे सज्जन होती. त्यांना हे ठाऊक नव्हते, की गुदमरणाऱ्या मुलाला विचारायचे नसते, आणि अशा वेळी त्याला उभे करून चालवले तर उरलासुरला रक्तदाबही कोसळू शकतो. साधन विकत घेता येते. हे दोन धडे सरावाशिवाय येत नाहीत, आणि म्हणूनच मी पेनाच्या खरेदीपेक्षा प्रशिक्षणावर इतका अडून बसलो आहे.

कायद्याची भीती मी हलकी लेखत नाही, पण ती जिथे आहे असे वाटते तिथे ती नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम ३०, म्हणजे जुन्या दंड संहितेचे कलम ९२, असे सांगते, की संमती घ्यायला वेळ किंवा माणूस नसताना दुसऱ्याच्या भल्यासाठी सद्भावनेने केलेले कृत्य अपराध ठरत नाही. त्याखाली दिलेले एक उदाहरण मोठे बोलके आहे: वाघ एका माणसाला उचलून नेत आहे, गोळी त्या माणसालाही लागू शकते हे ठाऊक असून दुसरा त्याला वाचवण्यासाठी वाघावर गोळी झाडतो, गोळी लागून माणूस मरतो, तरी झाडणारा गुन्हेगार नाही. ज्या कायद्याने त्या बंदुकीला माफी दिली, तो मांडीतल्या सुईला फासावर चढवील काय? पण शिक्षकाला तुरुंगाची नव्हे, नोटिशीची भीती असते. चौकशी समिती, निलंबन, शाळेच्या फाटकाशी जमलेला जमाव. इथे दंड संहिता पुरत नाही, आणि अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीने दिलेले संरक्षणही रस्त्यापुरतेच आहे. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांताने १ जानेवारी २००६ पासून लागू केलेला 'सब्रिनाचा कायदा' इथे उपयोगी पडेल. शाळेत अ‍ॅलर्जीने दगावलेल्या तेरा वर्षांच्या मुलीच्या नावाने झालेल्या या कायद्याने कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण सक्तीचे केले, आणि सद्भावनेने औषध देणाऱ्यावर, घोर निष्काळजीपणा नसेल तर, भरपाईचा दावा लावता येणार नाही असेही त्याच कागदावर लिहिले. आपल्याकडे एका शासन निर्णयाने याची सुरुवात होऊ शकते. आणि काहीच न करणे सुरक्षित आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी नोव्हेंबर २०१९ मधले केरळमधले सुलतान बत्तेरी आठवावे. वर्गात साप चावलेल्या मुलीला लगेच इस्पितळात न नेता वडिलांची वाट पाहिली गेली, असा आरोप झाला. मुलगी गेली आणि एका शिक्षकाला निलंबित करण्यात आले. पालकांना बोलवा, ही आपली जुनी सवय. ती त्या दिवशी ना मुलीला वाचवू शकली, ना शिक्षकाला.

यासाठी नवे खाते, नवे पद काही लागत नाही. आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात २०२० पासून प्रत्येक शाळेत दोन आरोग्यदूत शिक्षक नेमायची तरतूद आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर मुलांच्या तपासणीसाठी शाळेत येतात. त्या भेटीला दोन तास जोडले तर काम भागते. वर उल्लेख केलेल्या वर्गशिक्षिकेला मी नंतर एकदा माझ्या ओळखीच्या निवृत्त परिचारिकेकडे घेऊन गेलो, कारण 'नर्स नाही' म्हणतानाचा त्यांचा चेहरा मला विसरता आला नव्हता. त्यात नकारापेक्षा धास्ती अधिक होती. परिचारिकाबाईंनी एक मोसंबी जुन्या पॅन्टच्या कापडात गुंडाळली, सिरिंजमध्ये साधे पाणी भरले आणि ती त्यांच्या हाती दिली. पहिल्यांदा सुई तिरकी गेली, दुसऱ्यांदा अर्धीच. पाचव्या-सहाव्या खेपेला ती सरळ, शेवटपर्यंत गेली, कापडासकट. "टोचायला जमेल हो," वर्गशिक्षिका हात पुसत म्हणाल्या, "पण तो खरंच गुदमरतोय की वर्गपाठ नको म्हणून नाटक करतोय, हे मला कसं कळणार?" मला वाटते, सगळ्या प्रशिक्षणाचा खरा अभ्यासक्रम या प्रश्नात आहे. आवाज बसला, खोकला थांबेना, शिट्टीसारखा श्वास वाजू लागला, ओठ सुजले, वारंवार ओकारी झाली, मूल एकदम मरगळले, यांतले काय दिसले तर थांबायचे नाही, याची यादी परिचारिकाबाईंनी त्यांच्याकडून चार वेळा म्हणवून घेतली, पाढे म्हणवून घ्यावेत तशी. गुण आला तरी मुलाला इस्पितळात न्यायचेच, कारण काही तासांनी लाट परत येऊ शकते, हेही त्यांनी वहीत लिहून घेतले.

त्या शाळेतली कंपासपेटी अजून कार्यालयातल्या कपाटातच आहे. आईने मध्यंतरी सिरिंज बदलून चिकटपट्टीवर नवी तारीख घातली. कपाटाच्या किल्ल्या आता दोन झाल्या आहेत आणि दुसरी वर्गशिक्षिकेच्या पर्समध्ये असते. कुलूपच कशाला, असे मी मुख्याध्यापिकांना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, ऑडिटला लागतं."